चिंधाईची माती

फार वर्षांपूर्वीची गोष्ट, आपल्या खापरपणज्यांना दुधाचे दातही आले नव्हते तेव्हाची. काळडोंगरीच्या पोटात कोळसा होता, गावकऱ्यांच्या पोटात मात्र बरेचदा काहीच नसायचं. बैलांच्या पाठीवरून कोळसा घाट उतरायचा आणि तेच बैल धान्य घेऊन वर यायचे. पावसाळ्यात घाट बंद झाला की चुलीत निखारे रसरशीत आणि वरचं मडकं रिकामं.

म्हणून गावाने डोंगराच्या कमरेने कालवा खणला. नावेने कोळसा खाली धाडू, धान्य वर आणू, असा बेत. पण पाणी सोडलं मात्र, मुरमाने ते गटागटा पिऊन टाकलं. पावसाळा तोंडावर, कणग्या झाडलेल्या. माणसं डोक्याला हात लावून बसली.

गावात चिंधाई नावाची कुंभारीण होती. एकटी, जिभेने फटकळ. घरामागच्या चिकणमातीच्या दरडीवर तिचं चाक चालायचं. तुडवलेल्या मातीचा माठ पाणी धरतो, मग कालवा का नाही धरणार, असं तिच्या मनात आलं. पण दरड दिली तर चाकावर काय घालायचं? तिने बेत बोलून दाखवला तेव्हा शेजारी राहणाऱ्या जावेने तर हातच धरला. म्हणाली, खुळी का तू, उद्या खाशील काय?

चिंधाई म्हणाली, "गावच उपाशी मेलं, तर माझे माठ काय तू एकटी घेशील?"

मग सगळं गाव कालव्यात उतरलं. बायकांनी फेर धरून माती तुडवली, म्हशींना तर आयतंच सुख. दरड एवढीशी, पण काढावी तेवढी माती निघत गेली. कालव्याचं शेवटचं टोक लिंपलं तेव्हाच ती संपली, असं म्हणतात.

कालव्यात पाणी थांबलं. ज्वारीची पहिली नाव वर आली तेव्हा चिंधाई काठावर उभी राहून रडली. आनंदाने रडली, असं म्हणतात. मला विचाराल तर थोडं चाकासाठीही.

पुढे डोंगराखाली नावा टेकायच्या तिथे बाजार भरला, बाजाराची पेठ झाली. काळडोंगरीत मात्र पुन्हा माठ घडला नाही. म्हणून आजही वर्षाच्या पहिल्या नावेतून धान्य येत नाही. खालच्या पेठेतले कुंभार एक कोरा माठ पाठवतात. तो चिंधाईच्या दारात ठेवून कालव्याच्या पाण्याने भरतात. घराघरातलं माणूस येऊन त्यातलं घोटभर पाणी पितं, आणि तोवर गावात कुणी चूल पेटवत नाही.