तीनदा न सापडलेली बाई

हेमांगी टिपरे नऊ वर्षं मस्कतला राहत होती. इकडच्या एका सरकारी बंदरावरच्या रडारचं कंत्राटी काम तिला मिळालं. पण सुरक्षा मंजुरीपाशी घोडं अडलं, ते चौदा महिने हलेना. शेवटी वैतागून ती रजा टाकून मंजुरी देणाऱ्या मुंबईच्या कचेरीत येऊन थडकली.

तिथल्या धारगळकर साहेबांनी तिची फाइल उघडून कपाळाला आठ्या घातल्या.

"बाई, तुमच्या चिपळूणच्या कायमच्या पत्त्यावर पडताळणीसाठी हवालदार तीनदा जाऊन आला. तिन्ही वेळा तुम्ही गायब! अर्जात लिहिलंय ते खरं कशावरून मानायचं?"

हेमांगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आवाज तिने मऊच ठेवला.

"साहेब, सध्या कुठे राहते म्हणून लिहिलंय मी? जरा मोठ्याने वाचता?"

"मस्कत. नऊ वर्षं."

"मग तुमच्या हवालदाराने ते तीनदा तपासून खरं ठरवलंय की! मी चिपळूणला सापडले असते, तर मात्र मला खुशाल अडवायचं होतंत."

साहेबांनी तिन्ही अहवाल पुन्हा चाळले आणि खाली शेरा मारला: 'पडताळणी समाधानकारक.'