भोपळ्याचा निरोप

ते राज्य चाकांवर होतं आणि सतत पुढे जात होतं. त्याची टाकी कायम भरलेली असे. निदान दर्शनी महालात काचेमागे बसलेला काटा तसं सांगे, आणि काट्याच्या शब्दावर शंका घ्यायची तिथे कोणाला सवय नव्हती. वाटेत तेलाची ठाणी लागत. भरल्या टाकीला तेल कशाला, म्हणून सुकाणू महाराज हसत आणि राज्य न थांबता पुढे निघून जाई.

एकाच गोष्टीनं लोकांची झोप उडवली होती. दर वळणाला टाकीतून कोणीतरी कण्हल्यासारखा पोकळ आवाज येई. लोकांनी आधी दुर्लक्ष केलं, मग टाकीच्या तोंडाला लिंबू-मिरची बांधली. तरी तो येतच राहिला. टाकीला बाधा झाली आहे असं ठरवून सगळे मोकळे झाले, आणि आईबाप पोरांना तिकडे फिरकू देईनासे झाले.

मागच्या कोठीत राहणाऱ्या पक्कडबाईच्या मात्र त्या आवाजानं काळजात चर्र होई. तो तिच्या धाकट्या भावाचा, भोपळ्याचा आवाज होता. कोवळ्या वयातच त्याला टाकीत सोडलं होतं. तेलावर तरंगत राहायचं आणि तेल किती आहे ते तारेच्या कानात सांगायचं, एवढंच त्याचं काम. तार तो शब्द काट्यापर्यंत नेई. बिचारी इमानी होती, एक अक्षर इकडचं तिकडे करत नसे. भाऊ सुखात आहे, असं काट्याकडे बघून पक्कडबाईनं इतके दिवस मानलं होतं. पण भरल्या टाकीत तरंगणारा असा कशाला कण्हेल?

ती दरबारात गेली. "महाराज, काट्याच्या सांगण्यात काहीतरी चुकतंय. मला बघू द्या."

काटा इतका दुखावला की जागच्या जागी थरथरला. "बघा की बाई," महाराज म्हणाले, "फक्त त्याला खाली पाडू नका."

तिनं काचेवर टिचकी मारली. काटा कुठे अडकलेला नव्हता. मग तिनं तारेला जवळ घेऊन तिच्या कानात सांगितलं, "अर्धी." तार धावली, आणि काटा मुकाट्यानं अर्ध्यावर येऊन उभा राहिला. म्हणजे तोही धड होता आणि तारही. उरली टाकी. तिथे यायला कोणी तयार होईना. पक्कडबाईनं लिंबू-मिरची बाजूला केली, झाकण फिरवलं आणि एकटीच आत उतरली.

आत मिट्ट काळोख होता. पायाला ओल लागेल म्हणून तिनं पाऊल जपून टाकलं, तर तळाच्या पत्र्यावर नुसता गंज करकरला. भोपळा एका कोपऱ्यात कलंडून पडला होता. वळण आलं की तो कोरड्या पत्र्यावरून घसटत जाई, आणि साऱ्या टाकीत तो आवाज घुमे.

"ताई, आलीस?" तो म्हणाला. "किती दिवस सांगतोय गं मी. घसा पार कोरडा पडला."

"काय सांगतोयस?"

"वाढलं म्हणून. तेल वाढलं, तेल वाढलं. कोणी ऐकतच नाही."

पक्कडबाईच्या आत्ता लक्षात आलं. मागच्या कोठीत बांगडी फुटली तर वाढली म्हणायचं, डब्यातले तांदूळ संपले तर वाढले म्हणायचं. भरल्या घरात 'संपलं' हा शब्द काढू नये, हे आईनं दोघांनाही बजावलं होतं. पोरानं अंधारात एकट्यानं ते वळण पाळलं होतं. तारेनं निरोप जसाच्या तसा पोचवला होता. आणि उजेडात, काचेमागे वाढलेल्या काट्यानं 'वाढलं' ऐकून दर वेळी आणखी थोडं वर सरकायचं तेवढं केलं होतं. चिडावं असं कोणी सापडेना, म्हणून तिला रडूच आलं.

"आता बोल, बाळा. संपलं म्हण."

"आई रागावेल."

"मी आहे ना."

त्यानं डोळे मिटून तो शब्द उच्चारला. ती वर दरबारात पोचली तेव्हा काटा शून्यावर आडवा झाला होता.

"महाराज, पुढच्या ठाण्यावर थांबा. टाकीत माझा भाऊ कोरडा पडलाय."

महाराजांनी घाम पुसला आणि शेजारच्या काचेतल्या वेगरावांकडे पाहिलं. वेगराव लगबगीनं पुढे झुकले. "महाराज, आजच्याइतके जोरात आपण कधीच नव्हतो. आणि अजून वेग चढतोच आहे."

"ऐकलंत ना बाई? रिकाम्या टाकीवर कोणी असं धावतं का?" महाराजांचा जीव भांड्यात पडला. "काटा आत्ता बिघडलाय. तुम्हीच बिघडवलात." दरबार खळखळून हसला. ठाणं आलं आणि मागे गेलं.

पक्कडबाई पुढच्या दालनाकडे धावली. इंजिनाला तरी खरं काय ते विचारावं, ते खोटं बोलणाऱ्यातलं नव्हे, असं तिला वाटलं. दार ढकलून तिनं त्याच्या अंगाला हात लावला. अंग थंडगार होतं. पंख्याच्या एका पात्यापासून दुसऱ्या पात्यापर्यंत कोळ्यानं जाळं विणलं होतं, त्याचा एक धागासुद्धा तुटलेला नव्हता. त्या जाळ्यातून तिला समोरचा रस्ता दिसला. तो खाली, आणखी खाली उतरत गेला होता, आणि मागे दरबारात वेगराव नवा आकडा पुकारत होते.