दमलेला हाडवैद

शेलवाडीला रायाजी नावाचा एक हाडवैद राहत होता. तेव्हा टपाल माणसाच्या पाठीवरून जायचं, आणि मोडलेला हातपाय बसवायला पंचक्रोशीत रायाजीशिवाय दुसरं कुणी नव्हतं. त्याचा हात लागला की हाड जागेवर बसायचं. मग तेलाचं फडकं, बांबूच्या कामट्या आणि वरून घट्ट पट्टी. सव्वा महिन्यात माणूस चालायला लागायचा. त्यामुळे रायाजीचं नाव घाटाखाली आणि घाटावर सगळीकडे झालं होतं. पांढऱ्या मिश्या, कानात चांदीची बाळी आणि हे एवढे जाडजूड अंगठे. लांबून येताना दिसला तरी लोक म्हणायचे, "तो बघा रायाजी!"

आता नाव झालं म्हणजे माणूस मोठा सुखात असणार, असं तुम्हांला वाटत असेल. छे हो! नाव झालं आणि बिचाऱ्याला चार पावलं सरळ चालणं मुश्कील झालं. बाजारात गूळ घ्यायला गेला, तर वाणी तराजू खाली ठेवून कोपर पुढे करायचा. न्हाव्यापुढे बसला, तर न्हावी अर्धी दाढी तशीच ठेवून म्हणायचा, "बाबा, हा खांदा बघा की जरा, लई ठणकतोय." वस्तरा त्याच्या हातात. रायाजी करतो काय? मुकाट्यानं खांदा बघायचा. लग्नाच्या पंगतीला बसला, तर शेजारचा पाहुणा पानावर वाढून होण्याआधी धोतर वर करून गुडघा दाखवायचा.

ज्यांचं काहीच मोडलेलं नसायचं, त्यांचा ताप आणखी वेगळा. ते वाटेत आडवे उभे राहायचे आणि विचारायचे, "ओळखलंत का?" नाव सांगायचं नाही. रायाजीनंच ओळखायचं. "बघा, बघा, आठवा! दुष्काळाच्या साली माझ्या चुलत्याची फासळी तुम्हीच बसवली होती!" आता चुलत्याची फासळी बसवली म्हणून पुतण्याचं तोंड कसं ध्यानात राहणार? पण ओळखलं नाही म्हटलं की माणूस रुसलाच. "मोठे झालात बाबा, आता आमच्यासारख्याला कशाला ओळखाल?" मग रायाजी खोटंच म्हणायचा, "ओळखलं की!" आणि समोरचा विचारायचा, "मग सांगा पाहू, कोण?"

एकदा तर सख्ख्या भावाला अग्नी देऊन तो परतत होता. तेवढ्या वाटेतही एकानं त्याला थांबवलं आणि मनगट दाखवलं. रायाजीनं ते मनगट बघितलं. डोळे भरून आले होते, नीट दिसतही नव्हतं. पण बघितलं. त्या दिवसापासून त्याचं मन या सगळ्याला पार विटून गेलं होतं.

असंच एका वर्षी ऐन उन्हाळ्यात करंजे गावात विहिरीचा काठ ढासळला. चार माणसं जायबंदी झाली. रायाजीला बोलावणं आलं आणि तो गेला. दोन दिवस त्यानं पाठ टेकली नाही. एकाचं हाड बसवावं तर दुसरा ओरडायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी चौघांना पट्ट्या बांधून झाल्या. गावानं भाकरी बांधून दिली. ती झोळीत टाकून तो घराकडे निघाला.

पण निघाला म्हणजे पोचला असं थोडंच आहे? वेशीवर एकजण भेटला, त्याची मान अवघडली होती. पुढे शेतातून एकजण हाका मारत आला, त्यानं बैलाचा खूर दाखवला. "बाबा, मी माणसांची हाडं बसवतो," रायाजी म्हणाला. "असू द्या की," तो म्हणाला, "हाड ते हाडच!" त्याच्यापुढे एक म्हातारा भेटला. त्याला काहीही झालेलं नव्हतं. रायाजीनं त्याला नुसतं ओळखायचं होतं. त्यात अर्धा तास गेला. ऊन डोक्यावर आलं. रायाजीच्या पोटात कावळे ओरडत होते आणि पाय जड झाले होते.

शेवटी वाटेवर एक पार लागला. मोठं जांभळाचं झाड, खाली गार सावली, शेजारी पायऱ्यांची विहीर, आणि चिटपाखरू नाही. रायाजीला इतकं बरं वाटलं की काही विचारू नका. त्यानं झोळी टेकली, मुंडासं सोडलं, भाकरी काढली आणि पहिला घास मोडला.

तेवढ्यात वाटेवरून एक बाई झपाझपा येताना दिसली. अनवाणी होती, तोंडावरून घाम निथळत होता. ती पारापाशी थांबली. "बाबा, शेलवाडीची वाट हीच का?" तिनं विचारलं, आणि मग त्याच्याकडे निरखून बघितलं. "रायाजी हाडवैद म्हणत्यात, ते तुम्हीच तर नव्हं?"

घास रायाजीच्या हातात होता. आता ही कोपर दाखवणार की ओळखायला लावणार, एवढंच त्याच्या मनात आलं. त्याचा जीव अगदी मेटाकुटीला आला. "न्हाई बाई," तो खाली बघूनच म्हणाला, "मी कासार हाय. बांगड्या इकतो."

जवळ बांगडीचा एक तुकडाही नव्हता. झोळीतून कामट्यांची टोकं बाहेर आली होती. पण बाईनं झोळीकडे बघितलंसुद्धा नाही. तिला स्वतःला खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणून दुसरा बोलत असेल असं तिच्या मनातच आलं नाही. ती म्हणाली, "कासारदादा, वाट तेवढी नीट सांगा. माझं धनी आज सकाळी खिंडीत घसरलं. मांडीचं हाड मोडलंय. उंबरमाळला घरी आणून निजवलंय. टपालाची थैली घेऊन पळायचं काम त्यांचं. आमचं पोट त्यांच्या पायांवर हाय, दादा. सूज चढायच्या आत हाडवैद आला तर पाय वाचंल, म्हणत्यात समदे."

ते ऐकलं आणि रायाजीनं हातातला घास भाकरीवर परत ठेवला. आता बोलायलाच हवं होतं. "बाई, मीच तो," एवढं म्हणायचं की झालं. उंबरमाळ पारापासून दीड कोस. तेलाची बुधली आणि कामट्या जवळच होत्या. उठून चालू लागायचं, बस्स.

पण आत्ताच तोंडानं कासार म्हणून बसला होता! आता परत कसं फिरणार? ही बाई काय म्हणेल? एवढा नावाजलेला हाडवैद आणि भाकरीसाठी खोटं बोलला? गावोगाव सांगेल. दोन दिवसांच्या भुकेपेक्षा आणि झोपेपेक्षा ती लाज त्याला जड झाली. "शेलवाडी दीड कोस हाय," तो म्हणाला. "पुढं ओढा लागंल. तो ओलांडला की चिंचेखालचं पहिलं घर." स्वतःच्याच घराचा पत्ता त्यानं तिला दिला.

बाई वळली, आणि पुन्हा थांबली. "दादा, तुम्ही लई दमल्यासारखं दिसताय. पाणी हाय का जवळ?" रायाजीचा तांब्या रिकामा होता. त्यानं नको म्हणायच्या आत ती विहिरीच्या पायऱ्या उतरून तांब्या भरून घेऊन आली. "सावकाश जेवा. ऊन उतरंपातूर निघू नका," असं म्हणाली आणि अर्धी चालत, अर्धी पळत ओढ्याच्या दिशेनं गेली. कितीतरी वर्षांत रायाजीला कुणी असं विचारलं नव्हतं. हाडवैदाला लोक आपली हाडं दाखवायचे. कासाराला मात्र पाणी मिळालं.

रायाजीनं घास तोंडात घातला. मग त्यानं मनाची समजूत घातली. ती घरी पोचेल. आपली बायको तिला बसवून ठेवेल. आपण घटकाभर पाठ टेकू आणि घरी जाऊन तिच्याबरोबरच निघू. कासाराचं काय ते तेव्हा बघता येईल. दमलेल्या माणसाला असला हिशेब लगेच पटतो. त्यानं कशीबशी अर्धी भाकरी खाल्ली, झोळी उशाला घेतली आणि आडवा झाला. घटकाभर म्हणता म्हणता त्याला गाढ झोप लागली.

जागा झाला तेव्हा सावली पाराच्या दुसऱ्या बाजूला गेली होती. अरे देवा! तो धडपडत उठला आणि तडक घरी आला. ओसरीवर त्याची बायको सगुणा एकटीच बसली होती. "वाटंत एक बाई भेटली न्हाई का हो?" ती म्हणाली. "दुपारपासून तुमची वाट बघते मी. उंबरमाळची तुळसा म्हणून. रडकुंडीला आली होती. तुम्ही करंज्याला असाल म्हटलं, तर तशीच तिकडं गेली. नदीची वाट जवळची पडते, म्हणून मीच तिकडून धाडली तिला. घोटभर पाणीसुद्धा प्यायली न्हाई बिचारी."

रायाजी उंबऱ्यातूनच मागे फिरला. "आता कुठं निघालात?" सगुणा ओरडली. "आत्ता तर आलात! दोन दिसांनी घरी येताय, जेवून तरी जा." "जेवलोय," रायाजी म्हणाला.

तीन कोस तो थांबला नाही. त्याच पारावरून गेला, पण तिकडे मान वळवली नाही. वाटेत एकानं "ओ रायाजीबाबा!" म्हणून हाक मारली, तीही त्याला ऐकू गेली नाही. दिवेलागणीला उंबरमाळला पोचला. तुळसाचा नवरा, हरकारा हैबती, बाजेवर पडला होता. चांगला उंच, शिडशिडीत, पायांचा नुसता काटक. पण मांडी सुजून टम्म झाली होती.

रायाजीनं हात ठेवला आणि त्याला कळायचं ते कळलं. हाडाची टोकं एकमेकांवर चढली होती आणि सुजलेलं मांस त्यांना जागचं हलू देत नव्हतं. दोन माणसांना पाय ओढून धरायला लावून त्यानं हाड एकदा बसवून बघितलं, दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा बघितलं. हैबतीनं तोंडात फडकं धरलं होतं, तरी त्याची किंकाळी बाहेर ऐकू गेली. दुपारी जे एका झटक्यात बसलं असतं, ते आता पुरतं बसेना. जेवढं जमलं तेवढं करून रायाजीनं कामट्या लावल्या आणि पट्टी बांधली.

"बाबा," हैबतीनं क्षीण आवाजात विचारलं, "पळता येईल ना मला?"

रायाजी पट्टीची गाठ पुन्हा पुन्हा आवळत राहिला. "चालता येईल," तो म्हणाला.

थोड्या वेळानं दारात पावलं वाजली. तुळसा परत आली होती. करंज्याला जाऊन, हाडवैद सकाळीच निघाला असं कळल्यावर रिकाम्या हातानं आली होती. तिच्या टाचा फुटून रक्त आलं होतं. दिव्याच्या उजेडात तिला आधी ओळखीचा चेहरा दिसला. "अगंबाई, कासारदादा? तुम्ही हितं कसं?" मग तिला कामट्या दिसल्या. मग त्याचे तेलानं माखलेले जाड अंगठे दिसले.

रायाजी मान खाली घालून उभा राहिला. तिनं शिव्या द्याव्यात, बोटं मोडावीत, असं त्याला मनापासून वाटत होतं. पण तुळसाच्या अंगात तेवढं त्राण उरलं नव्हतं. ती उंबऱ्यावरच खाली बसली. "बाबा," ती म्हणाली, "दमला हुतात, तर तसं सांगायचं. मी बसले असते की तिथंच. भाकर खायची, घटकाभर डोळा लागू द्यायचा. मी उठवलं असतं तुम्हाला." आयुष्यात पहिल्यांदा रायाजी चारचौघांत रडला.

सव्वा महिन्यानं हैबती काठी टेकत उठला. पाय दोन बोटं आखूड राहिला. टपालाची थैली दुसऱ्या हरकाऱ्याच्या पाठीवर गेली आणि हैबती दारात बसून दोर वळू लागला. तुळसानं ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. ती सांगितली रायाजीनंच. पुढे वाटेत जो कुणी त्याला अडवायचा, त्याला तो म्हणायचा, "होय, मीच रायाजी. पण दमलोय. नड खरी असेल तर आत्ता सांगा, असाच उठतो. नसेल तर बसा, भाकर खाऊन बघतो." लोक कुरकुरायचे. गर्व चढला म्हणायचे. तो ऐकून घ्यायचा आणि जेवायचा. बहुतेकजण त्याची भाकरी संपायच्या आतच उठून आपल्या वाटेनं निघून जायचे.

तात्पर्य: दमलो असं सांगण्यात कसलाच कमीपणा नाही, पण 'मी तो नव्हेच' म्हणून जो विसावा मिळवावा, त्यासाठी दुसऱ्याच कुणाला तरी अनवाणी चालावं लागतं.