कोंडाजीची दवंडी

आपल्या आजोबांच्या आजोबांनीही दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेली, इतकी जुनी ही गोष्ट आहे. डोंगरांच्या कुशीत एक राज्य होते. एका उन्हाळ्यात त्या राज्याचे धान्याचे कोठार जळाले. वर्षभराची बेगमी एका दुपारी राख झाली.

लोक घाबरले. घाबरलेल्या लोकांना गुन्हेगार लवकर हवा असतो. न्यायाधीशांनी आठ दिवसांत दोन माणसे पकडून आणवली. एक भुजंगा कोष्टी. त्याच्या मागावरच्या धोतराचा फाटका तुकडा कोठाराजवळ सापडला होता. दुसरा कोंडाजी धनगर. त्याच्या मेंढ्यांचे खूर कोठाराच्या वाटेवर उमटले होते.

अर्धे राज्य भुजंगाच्या हातची धोतरे नेसत होते. आणि ती वाट तर मेंढ्यांची रोजचीच होती. पण हे कुणी बोलले नाही. दोघांच्या हातांत बेड्या पडल्या. डोंगरावरच्या किल्ल्यात दोघांना कोंडले.

नऊ वर्षे गेली.

दहाव्या वर्षी कोठाराचा जुना कारभारी मरणपंथाला लागला. त्याने राजाला निरोप धाडला. राजा आला, तेव्हा तो म्हणाला, "महाराज, धान्य मीच चोरून विकले. मोजणी होणार असे कळले, म्हणून मीच आग लावली. त्या दोघांचा काही दोष नाही. हे मनात घेऊन मला मरवत नाही."

राजाच्या पायाखालची जमीन सरकली. त्याने त्याच दिवशी दोघांना सोडले आणि हुकूम काढला.

"राज्याने या माणसांची नऊ वर्षे घेतली. वर्षे परत देता येत नाहीत. पण दोघांना नदीकाठची जमीन द्या. घर बांधून द्या. आणि ज्या गावातून त्यांना बेड्या घालून नेले, त्याच गावात दवंडी पिटून सांगा, की ही माणसे निर्दोष आहेत आणि चूक राज्याची होती. पुढे असे आणखी कुणी निघाले, तर त्यालाही हेच द्या."

या कामावर देखरेख करायला राजाने नारोपंत नावाचा अधिकारी नेमला. पंतांनी आयुष्यात कुणाचे फुकटचे पानही खाल्ले नव्हते. त्यांच्यात एकच उणे होते. ते फार भित्रे होते.

आणि ज्या न्यायाधीशांनी तो चुकीचा निकाल दिला होता, ते आता राज्याचे दिवाण झाले होते.

दिवाणांनी पंतांना वाड्यावर बोलावून घेतले. जवळ बसवले. त्यांचा आवाज नेहमी मऊ असे.

"पंत, महाराजांचे मन मोठे आहे. जमीन द्या, घरही द्या. पण आधी नीट खात्री करून घ्या. आणि ती दवंडी... दवंडी म्हणजे दरबाराचा निकाल चुकला असे चौकात ओरडून सांगणे. उद्या किल्ल्यातला प्रत्येक कैदी म्हणेल, मीही निर्दोष. मग न्यायाला भिणार कोण?"

"पण महाराजांचा हुकूम..." पंत पुटपुटले.

"हुकूम पाळायचाच आहे. फक्त माझ्या शिक्क्याशिवाय काही करू नका, एवढेच." दिवाणांनी खिडकीतून किल्ल्याकडे पाहिले. "दोन कोठड्या रिकाम्या झाल्या ना तिथल्या? बरे नाही दिसत रिकाम्या."

रिकामी कोठडी कुणासाठी, हे पंतांना कळले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नियम केले. ज्याला भरपाई हवी, त्याने बाजाराच्या दिवशी कचेरीत यावे. सोबत दोन साक्षीदार आणावेत. कागदावर दिवाणांचा शिक्का असावा. नियमांत खोटे एक अक्षर नव्हते. पण ज्यांनी त्या दोघांना किल्ल्यात कोंडले, त्यांचाच शिक्का त्या दोघांनी मागायचा होता.

पहिल्या बाजाराला दोघेही आले. कचेरी किल्ल्याच्या पायथ्याशी होती. नऊ वर्षांपूर्वी त्यांना जिथून वर नेले, तोच तो दरवाजा. भुजंगा उंबऱ्याच्या आत आला. पहारेकऱ्याने सवयीने मागचा अडसर सरकवला. तो आवाज ऐकताच भुजंगाने पहारेकऱ्याला ढकलले, अडसर काढला आणि तो बाहेर पळत सुटला.

पंतांनी वहीत लिहिले, 'अर्जदार आला नाही.'

कोंडाजी मात्र आत येऊन उभा राहिला. सत्तरीचा म्हातारा. नऊ वर्षांत पाठ वाकून गेली होती.

"सरकार, मला शेत नको," तो म्हणाला. "घरबी मागनं द्या. आधी दवंडी द्या. माझी लेक सखू पान्याला गेली, की बाया विहिरीवरनं बाजूला होत्यात. माझ्या मेंढरांची लोकर कोनी घेत न्हाई. आगलाव्या म्हनत्यात मला. एकडाव गावाला सांगा, मी न्हाई लावली आग."

"सांगू, कोंडाजी. शिक्का आला की सांगू."

"शिक्का कवा येईल?"

"पुढच्या बाजाराला बघू."

पुढच्या बाजाराला कोंडाजी आला. त्याच्या पुढच्यालाही आला. तीन कोस चालत यायचा, पायरीवर बसायचा, आणि ऊन कलले की उठून जायचा. एकदा पंत मनाचा हिय्या करून दिवाणांच्या वाड्यापर्यंत गेले. कागद हातात होता. आतून दिवाणांचे हसणे ऐकू आले, आणि पंत उंबऱ्यावरूनच परतले.

असे सात बाजार गेले. आठव्या बाजाराला पायरी रिकामी होती.

खरे सांगायचे, तर पंतांना हायसे वाटले.

तेवढ्यात एक बाई धापा टाकत आत शिरली. ती भुजंगाची बायको म्हाळसा होती. तिचे पाय गुडघ्यापर्यंत धुळीने भरले होते.

"सरकार, कोंडाजीभाऊ काल सांजंला गेला. अंगनात पडून हाय. सखूनं घरोघर पदर पसरला, खांद्याला एक मानूस येत न्हाई."

"का?" पंतांनी विचारले. खरे तर त्यांना उत्तर ठाऊक होते.

"भेत्यात. म्हनत्यात, दरबारानं ज्याला आगलाव्या ठरवला त्याला खांदा दिला, तर उद्या शिपाई आमच्या दारात येतील. माझा नवरा तर मागाच्या खड्ड्यातनं वर येत न्हाई. घोड्याची टाप ऐकली की आत जाऊन बसतो. मी एकलीनं काय करू?"

'दिवाणांचा शिक्का नाही,' हे शब्द पंतांच्या जिभेवर आले. पण त्या बाईच्या डोळ्यांकडे बघून ते त्यांना उच्चारता येईनात. त्यांनी घोडा मागवला. दोन शिपाई बरोबर घेतले. म्हाळसा पुढे चालू लागली.

गावाच्या वेशीत घोडे शिरले मात्र, एकेक दार धाडधाड लागत गेले. अंगणात खेळणारी पोरे आयांनी ओढून आत नेली. भर दिवसा गाव रिकामे झाले. आपल्याला कुणी इतके भीत असेल, हे पंतांना आजवर माहीत नव्हते.

"आधी माझ्या घरला चला," म्हाळसा म्हणाली. "तुमचा शब्द ऐकून तरी तो वर येईल."

घरात अंधार होता. जुना माग होता. विणकराने पाय सोडून बसायचे, त्या मागाखालच्या खड्ड्यात भुजंगा अंग चोरून बसला होता. पंतांची पगडी दिसताच तो उभा राहिला. त्याने डोळे मिटले आणि दोन्ही मनगटे जुळवून पुढे केली.

"चला," तो म्हणाला. "पर म्हाळसाला काय करू नगा. आग लागली तवा ती माहेरी हुती."

भरपाई देणाऱ्यापुढे त्या माणसाने बेड्यांसाठी हात पुढे केले होते.

"भुजंगा, अरे, तू सुटलास. कारभाऱ्याने कबुली दिली. महाराजांनी तुला निर्दोष म्हटले. हे तुला ठाऊक नाही का?"

"ठाव हाय, सरकार. कुलूप काढलं, मी घरला आलो. पर गावात कोनी बोललं न्हाई. बेड्या घातल्या तवा ढोल वाजवला हुता. सोडलं तवा कोनी चकार शब्द काढला न्हाई. गुपचूप दिलेलं गुपचूप परत नेता येतं."

पंत बाहेर आले. शिपायांना म्हणाले, "घोडे घेऊन वेशीबाहेर जा. मी बोलावेपर्यंत आत पाऊल टाकू नका."

त्यांनी दवंडी देणाऱ्याचे दार ठोठावले. दार बोटभर उघडले.

"दवंडी द्यायची आहे."

"शिक्का दाखवा, पंत."

"शिक्का नाही."

"मग माझा हात न्हाई उठायचा. मला बायकापोरं हायत." त्याने डफ तेवढा फटीतून बाहेर सरकवला आणि दार लावून घेतले.

पंत डफ घेऊन चौकात उभे राहिले. समोर डोंगर होता, डोंगरावर किल्ला. किल्ल्याची तटबंदी तिथून स्पष्ट दिसत होती. टिपरी पंतांच्या हातून दोनदा खाली पडली. त्यांनी ती तिसऱ्यांदा उचलली आणि डफावर मारली.

"ऐका हो, ऐका!" त्यांचा आवाज चिरकला. "भुजंगा कोष्टी निर्दोष आहे! कोंडाजी धनगर निर्दोष होता! कोठाराला आग त्यांनी लावली नाही. निकाल चुकला. चूक दरबाराची आहे!"

एकही दार हलले नाही.

"ही दवंडी दोन महिन्यांपूर्वीच व्हायला हवी होती. माझ्या भीतीपायी ती झाली नाही. कोंडाजीला खांदा दिला म्हणून कुणाला धरायचे असेल, तर आधी मला धरा. पहिला खांदा माझा आहे!"

डफ खाली ठेवून ते कोंडाजीच्या अंगणात गेले. एकटीने बांधलेल्या तिरडीच्या उशाशी सखू बसली होती. तिच्या डोळ्यांतले पाणी कधीच आटले होते. पंतांनी पगडी उतरवली आणि ते तिरडीपाशी वाकले. एकटेच.

मागे पावले वाजली. भुजंगा आला होता. भिंतीचा आधार घेत, पांढराफटक चेहरा करून, पण आला होता. त्याने पंतांच्या शेजारी जागा घेतली. मग कुठेतरी एक कडी वाजली. गावचा लोहार खाली मान घालून आला. पाठोपाठ दवंडीवाला. त्यानंतर मात्र दारे उघडत गेली. कोंडाजी स्मशानात गेला, तेव्हा त्याच्यामागे सारे गाव चालत होते.

दुसऱ्या दिवशी पंतांना दरबारात उभे केले. दिवाण म्हणाले, "महाराज, शिक्क्याशिवाय दवंडी हा राजद्रोह आहे. यांनी चौकात दरबाराची अब्रू काढली."

पण या वेळी पंत बोलले. अडसराचा आवाज, रिकामी पायरी, पुढे केलेली मनगटे, काहीही त्यांनी गाळले नाही. स्वतःची भीतीही गाळली नाही.

राजाने दिवाणांकडे वळून विचारले, "माझ्या हुकमाला तुमचा शिक्का कधीपासून लागू लागला?"

"महाराज, निकाल चुकला असे म्हटले, तर न्यायाला कुणी भिणार नाही."

"निर्दोष माणूस आज मागाच्या खड्ड्यात लपतो आहे," राजा म्हणाला. "आणखी किती भ्यायला हवे?"

दिवाणांची दिवाणगिरी गेली. त्यांनी दिलेला प्रत्येक निकाल पुन्हा तपासला गेला, तेव्हा किल्ल्यात आणखी चार निर्दोष माणसे सापडली. त्यांतली एक बाई तर आपले नावही विसरली होती.

मग राजा पंतांना म्हणाला, "तुमच्या भीतीपायी एक माणूस कलंक घेऊन मेला. ही गोष्ट माझ्याने माफ होणार नाही. पण हे काम आता तुम्हीच करा. तुमची कचेरी आजपासून बंद. घोडा नाही, शिपाई नाही. ज्याची भरपाई असेल, त्याच्या दारात पायी जा आणि देऊन या."

पंतांनी तसेच केले. त्या चौघांच्या गावी दवंड्या झाल्या. भुजंगाला जमीन मिळाली, घर मिळाले. तो पुन्हा विणू लागला. पण टाप ऐकली की त्याचा धोटा हातातच थांबे. ती भरपाई कुठल्याच खजिन्यात नव्हती.

कोंडाजीची जमीन पंतांनी सखूच्या हाती दिली. तिने कागद घेतला, घडी घालून ठेवला, आणि हळूच विचारले, "पंत, माझ्या बाला ऐकू आली आसंल का वो दवंडी?"

पंत पुढे पुष्कळ वर्षे जगले, पण तो प्रश्न त्यांना कधीच सुटला नाही.

म्हणून, लहानथोरांनो, एवढे ध्यानात ठेवा: ज्याच्यावर अन्याय केला, त्याला भरपाईसाठी आपल्या दारात उभे करू नये, आपणच त्याच्या दारी जावे, आणि तो जिवंत असताना जावे.