राजाला चोर मिळेना

गळ्याशपथ, ही गोष्ट खरी आहे. म्हणजे बरीचशी खरी आहे. राजा नक्की होता. पक्ष्याची हमी मी घेत नाही.

एका राज्यात भानुकेतू नावाचा राजा होता. त्याच्या बागेत पणजीच्या पणजीने लावलेला एक वाफा होता. त्यात दोन जातींची फुलं. एक दिवसफूल: सकाळी उमलायचं, संध्याकाळी मान टाकायचं. दुसरी निळजिभी: जगाला वाकुल्या दाखवत उभी. दोन्ही गड्ड्यांपासून येणारी, पाऊस सरला की लावायची.

एका आश्विनात दारी मांत्रिक आला. म्हणाला, "महाराज, एक गड्डा द्या. आईला हौस आहे."

"वाडवडिलांचं धन आहे. मिळणार नाही."

"मग दिवसफुलाला जेवढा दिवस, तेवढीच तुझ्या राणीला आठवण." एवढं बोलून मांत्रिक जेवायला न थांबता निघून गेला.

तेव्हापासून राणी रेणुमती रोज सकाळी विचारायची, "आपण कोण?"

"तुमचा नवरा."

"बरं. नाक जरा मोठं आहे."

दिवसभर राजा तिला हसवायचा. संध्याकाळी ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकायची. आणि सकाळी पुन्हा, "आपण कोण?" राजा हसून सांगायचा. मग खांबाआड जाऊन डोळे पुसायचा.

आता गड्डेही जातील या भीतीने त्याने वाफ्याला भिंत घातली, पहारा बसवला, गड्डे धनासारखे हातभर खोल पुरले. फुलं यायची थांबली.

एकदा भिंतीवर भारद्वाज पक्षी येऊन बसला. म्हणाला, "राजा, इथला गड्डा चोरीला जाऊन परक्या अंगणात फुलला, की शाप सुटेल. तू दिलेला चालणार नाही. चोरीच हवी." मग त्याने एक गोगलगाय खाल्ली.

राजाने प्रधानाला बोलावलं. "चोरी करा."

"लेखी हुकूम द्यावा, महाराज."

"हुकमाने केली तर ती चोरी कसली?"

प्रधान बाद. मग तुरुंगातून गोमाजी चोराला आणलं. त्याच्यासाठी राजाने भिंत पाडली, पहारा उठवला आणि पहाटेपासून बागेत पाठ करून बसला. गोमाजी चिडला. "उघड्या बागेत चोरी? आमच्या घराण्याला काही अब्रू आहे!" आणि आपल्या पायांनी तुरुंगात परत गेला.

आता तिसरा चोर कुठून आणायचा? राजा झाडाआड हताश बसला. तेवढ्यात राणी आली. त्या सकाळी तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. बाग कुणाची, तिला काय ठाऊक! वाळकी पानं पाहून ती थबकली. हातातल्या पूजेच्या पळीने उकरत राहिली.

"कुणा मेल्याने एवढं खोल पुरलंय? गुदमरला की बिचारा!"

तिने इकडेतिकडे पाहिलं आणि गड्डा पदराखाली घातला.

राजा झाडाआडून बघत होता. गप्प बसावं तर ती परवानगी होईल. म्हणून तो ओरडला, "चोर! चोर!" आणि मागे धावला. हळूच धावला. मुद्दाम दोनदा पडला.

राणी पळत पळत कुंभारणीच्या अंगणात शिरली. घाईत गड्डा उथळच लावला, पाठ उन्हाला उघडी. निळजिभीला तेच हवं होतं. सूर्य मावळायच्या आत फूल आलं. माळ्यांनी वाद घालू नये.

राणी कुंभारणीकडेच लपून राहिली. सकाळी महालात आली, राजापुढे उभी राहिली. आता ती काय विचारणार, हे राजाला पाठ होतं.

"महाराज, शिक्षा करा. काल आपल्या बागेत चोरी केली ती मी."

"काय म्हणालात? काल?"

"कालच. आपण दोनदा पडलात. लागलं नाही ना?"

राजा जागच्या जागी बसला आणि लहान मुलासारखा रडला. त्याला उठवता उठवता राणीला परवाचं आठवलं, तेरवाचं आठवलं, पार लग्नात त्याच्या हातून सांडलेलं श्रीखंडसुद्धा आठवलं.

मांत्रिकाच्या आईकडे टोपलीभर गड्डे गेले. "उशीर केलात," एवढंच ती म्हणाली.

संपली गोष्ट. आता हात सैल सोडा. भाजके शेंगदाणे चालतील, गुळाचा खडा चालेल. 'छान होती' चालत नाही. मागच्या वेळी तेच मिळालं होतं, अजून पचलेलं नाही.