रावसाहेबांची काचबंदी

संस्थानात नवे कारभारी आले, रावसाहेब निगडे, आणि आल्या आल्या त्यांनी हुकूम काढला: "दोन पदार्थ मिसळून तिसराच पदार्थ कुणी घरात करायचा नाही. न जाणो, उद्या कुणी विष शिजवेल! ज्या भांड्यात असा उद्योग सापडेल, ते लाख लावून सीलबंद होईल."

झालं! गावात असा उद्योग करणाऱ्या एकट्या मथुताई हुद्देदार. पळसाच्या फुलांपासून पक्का रंग काढायचा त्यांना नादच होता. काचेचे चंबू त्यांनी पदरमोड करून एकेक जमवलेले. आणि कालच पहिल्यांदा त्यांचा रंग धुऊनही टिकला होता!

सकाळीच रावसाहेब शिपायासह दारात हजर. मागोमाग अख्खी आळी लोटली. शिपायानं लाख वितळवायला घेतली. रावसाहेब ओसरीवर ऐसपैस बसले, पानाला चुना लावला, कात टाकला आणि विडा तोंडात कोंबून चघळत म्हणाले, "हं, लावा मोहोर!"

मथुताईंचे डोळे एकदम लकाकले.

"थांबा रावसाहेब! चुना पांढरा, कात तपकिरी. मग हा लालभडक रंग आला कुठून?"

"विडा रंगला, दुसरं काय!"

"म्हणजे दोन पदार्थ मिसळून तिसरा झाला, तोही आपल्याच हुकमानंतर!" मथुताई शिपायाकडे वळल्या. "लाख गरम आहे तोवर आधी साहेबांचं भांडं बंद करा. माझे चंबू कुठे पळून जातायत?"

आळी खदखदून हसली. शिपाई लाखेची पळी घेऊन एकदा चंबूकडे, एकदा साहेबांकडे बघू लागला. रावसाहेबांनी ओरडायला तोंड उघडलं, लाल जीभ साऱ्या आळीला दिसली, आणि त्यांनी ते स्वतःच घट्ट मिटून घेतलं. शिपायाला त्यांनी हातानंच खूण केली: चल परत!