ओट्यावरची भाकरी

"आता तरी झाला का स्वच्छ, आई?"

चिदंबरनं विचारलं आणि फडकं खांद्यावर टाकून तो अदबीनं बाजूला झाला.

मठाची गुरुमाय अंबूआई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं आधी ओट्याकडे पाहिलं. काळाभोर कडप्पा, नुसता चमकत होता. मग तिनं भिंतीतल्या फडताळाचं दार ओढलं. कुरकुर नाही की काही नाही. बिजागऱ्यांनासुद्धा तेल घातलेलं!

"लवंगांचा वास ब्येस येतोय," आई म्हणाली.

चिदंबरची छाती फुगली.

मग आईनं हात पुढं केला. "ताट दे."

झालं! चिदंबरचा चेहरा खाडकन उतरला.

त्याचं असं आहे, या मठाची रीतच न्यारी. इथं अनुग्रह देवापुढं मिळत नाही, स्वयंपाकघरात मिळतो. जो मागायला येईल, त्याच्या हाती ओटा आणि फडताळं सोपवायची. ज्या दिवशी आई ताट न घेता, उघड्या ओट्यावर भाकरी ठेवून खाईल, त्या दिवशी तो पास. पहिला घास घेतला की आई त्याच्या कानात मंत्र सांगते. काय मंत्र असतो देव जाणे. ज्यांना मिळाला त्यांना विचारावं, तर ते नुसते हसतात.

आणि आईनं ताट मागितलं, की समजायचं. उचला फडकं, लागा कामाला.

चिदंबर मोठ्या तोऱ्यात आला होता. बाप कीर्तनकार, पोराला निम्मी पोथी तोंडपाठ. "अनुग्रह घेतल्याशिवाय घराचं तोंड बघणार नाही," असं सांगून निघाला, तेव्हा बाप हसला होता. ते हसू चिदंबरच्या डोक्यात काट्यासारखं रुतून बसलेलं. हात हलवत परत जाणं त्याला मरणाहून वाईट वाटत होतं.

पण गड्यानं कष्टात कसूर केली नव्हती, हे कबूल करायला हवं. फडताळं पार रिकामी करून कानाकोपऱ्यातली पिठाची जाळी काढली. दारांवरचा तेलाचा चिकट थर सोड्याच्या कोमट पाण्यानं उतरवला, तोही फडकं घट्ट पिळून, लाकूड फुगू नये म्हणून. कप्प्यांत कडुलिंबाचा पाला अंथरला. कडप्प्याला लिंबू चुकूनही लावलं नाही, पांढरे चट्टे पडतात ना! आता याहून माणसानं काय करायचं?

"आई, डाग तरी कुठाय?" त्याचा आवाज चढलाच.

"दिसत न्हाई?"

"नाही दिसत!"

"वाकून बघ."

चिदंबर ओट्यावर वाकला. निरखून पाहिलं…

"माझाच चेहरा दिसतोय, आई."

"हं…"

एवढंच बोलून आई ताट घेऊन बाहेर गेली. अंगणातल्या चिंचेखाली मठाची स्वयंपाकीण शेवंताक्का तीन दगडांच्या चुलीवर भाकऱ्या भाजत होती. आई तिच्याशेजारी मातीतच बसली आणि जेवू लागली.

बाहेर का, म्हणाल? कारण चिदंबरनं स्वयंपाकघराला कडी घातली होती! ओटा घासला की त्याच्यावर कुणी पीठ सांडायचं नाही, फोडणी उडवायची नाही, फडताळाला कुणी खरकटा हात लावायचा नाही. मठाचा स्वयंपाक निघाला उघड्यावर. शेवंताक्काची कंबर धरली, गुडघे सुजले. ती बडबडायची, "मेल्या, चाटायचाय का तुला तो ओटा?" पण चिदंबर ढिम्म. आणि नवल म्हणजे आईही त्याला एका शब्दानं बोलत नव्हती.

बरं, त्या "हं" चा आमच्या शहाण्यानं अर्थ काय काढला असेल? चेहरा अंधुक दिसतोय!

मग काय, दुसऱ्या दिवशी उजाडताच खोबरेल तेल घेतलं, मऊ फडकं घेतलं आणि बसला ओटा चोळत. चोळून चोळून असा केला, की स्वतःच्या मिशीचा केस न् केस दिसावा. आज मात्र आई ताट मागूच शकत नाही, असं त्याला वाटलं. कडी घालून तो दाराशी आईची वाट बघत बसला.

आई आली नाही. आल्या त्या ऊसतोडीच्या बैलगाड्या.

कारखान्याकडं निघालेली बिऱ्हाडं होती. बायाबापड्या, पोरंबाळं, पहाटेपासून पोटात अन्नाचा कण नाही. या मठातून कुणी उपाशी जात नाही, हे त्यांना ठाऊक होतं. शेवंताक्कानं पिठल्याचं भलंमोठं पातेलं चुलीवर चढवलं.

आणि वारा सुटला. साधासुधा नाही, वावटळच! चुलीतली राख उडाली, माती उडाली, चिंचेचा पाला उडाला आणि सगळं गेलं पिठल्यात. विस्तव विझला. शेवंताक्का पातेल्यात बघत राहिली आणि मग खाली बसून ढसाढसा रडायलाच लागली.

"आता गं काय घालू यांच्या पोटात?"

हौसा नावाची एक बाई तान्हं पोर पदराखाली झाकून उभी होती. पोराच्या नाकातोंडात धूळ गेलेली. त्याला रडायचंही त्राण उरलं नव्हतं. हौसानं चिदंबरकडं पाहिलं, मग त्याच्या पाठीमागच्या बंद दाराकडं पाहिलं. मागितलं काहीच नाही.

चिदंबरनंही मागं वळून पाहिलं. आई आता येईल. ओटा आरशासारखा झालाय. आजच्या दिवसाची तर गोष्ट आहे…

पोर खोकलं.

"आग लागो त्या ओट्याला!" चिदंबर ओरडला आणि त्यानं कडी काढली. "आत या! सगळे आत या! शेवंताक्का, ऊठ, गॅस पेटव!"

मग जी झुंबड उडाली म्हणता! मातीचे पाय, घामट हात, पोरांचा कालवा. शेवंताक्का ओट्याशी ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "आई गं, कंबर सरळ झाली माझी!" तिनं पिठाचा ढीग थेट कडप्प्यावर ओतला. पिठलं रटरटलं, हळदीचे शिंतोडे पार फडताळापर्यंत गेले. दोन बाया थापायला उभ्या राहिल्या, आणि चिदंबरही थापायला लागला. पहिली भाकरी फाटली, तशा बाया फिदीफिदी हसल्या. दुसरी जमली.

हौसा पोर घेऊन जागा शोधत होती. जमिनीवर तर पाय ठेवायला ठाव नव्हता. चिदंबरनं हात धुतले, फडताळाचा खालचा कप्पा उघडला आणि त्यात आपलं धुतलेलं उपरणं अंथरलं.

"इथं निजव. धूळ नाही, मुंगी नाही. मी स्वतः पुसलंय!"

पोर त्या कप्प्यात गाढ झोपलं. चिदंबर ते बघत क्षणभर थांबला. आपण इतके दिवस काय घासत होतो, ते आत्ता कामी आलं, असं त्याला वाटलं आणि त्याचा ऊर भरून आला. पण थांबायला वेळ कुठं होता? तव्यावरची भाकरी करपायला लागली होती.

पंगतीमागून पंगती उठल्या. शेवटचं माणूस ढेकर देऊन उठलं, तेव्हा चिदंबरनं ओल्या फडक्यानं ओट्यावरून एक हात फिरवला. इतका दमला होता, की दुसरा फिरवायची ताकदच नव्हती.

अंबूआई दारात उभी होती.

केव्हा आली होती कोण जाणे. चिदंबरनं सवयीनं ताट उचललं, पुसलं आणि पुढं केलं. आज काही विचारायचं नव्हतंच.

आईनं ताट घेतलं नाही.

"वाकून बघ," ती म्हणाली.

चिदंबर वाकला. कडप्पा पिठानं पांढुरका झालेला. फडकं चुकवून राहिलेला शेवंताक्काच्या हळदीच्या बोटांचा ठसा. कडेला कुणा पोराचा इवलासा पंजा. मिशीचा केस सोडा, नाकाचा शेंडाही कुठं दिसेना.

"दिसतंय का काही?"

"काहीच नाही, आई…"

"मग वाढ की! भूक लागलीय."

आईनं पदर खोचला आणि ती ओट्याशी उभी राहिली.

चिदंबरला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यानं भाकरी उचलली… आणि उघड्या दगडावर ठेवली. वर पिठलं वाढलं. आईनं तिथंच मुठीनं कांदा फोडला आणि पहिला घास घेतला.

"आईच्या नावानं चांगभलं!" शेवंताक्कानं उलथनं घेऊन त्या रिकाम्या ताटावर असा दणका दिला, की बाहेरचे बैल दचकले. मग सगळ्यांनीच गजर केला. ऊसतोड्यांना काय झालं ते ठाऊक नव्हतं, पण आनंदाला कुठं कारण लागतं? चिदंबर हसत होता आणि रडतही होता. जिंकलो, असं त्याला ओरडून सांगावंसं वाटत होतं. बापाचं ते हसू त्याला आठवलं, आणि पहिल्यांदाच ते टोचलं नाही.

मग त्याला मंत्र आठवला. त्यानं पिठाचे हात जोडले, डोळे मिटले आणि कान पुढं केला. गलका थांबला. शेवंताक्काही मान लांब करून ऐकू लागली.

आईनं घास गिळला, त्याच्या कानाशी तोंड नेलं…

"फडताळातलं बाळ जागं झालंय. दूध तापव."